लवकर उतरलेलं विमान

१

पेटीचं कुलूप जसंच्या तसं होतं आणि आतलं पाकीट उघडं होतं.

मुख्याध्यापकांनी झाकण वर केलं तेव्हा त्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. ते स्वतः, भरारी पथकाचे साहेब, ही पेटी त्याच सकाळी विमानानं घेऊन आलेले आमचे हे, आणि मी. मी कशाला? तर साक्षीदार म्हणून सही करायला कुणीतरी लागतं, आणि शाळेची ग्रंथपाल रिकामटेकडीच असते असा सगळ्यांचा समज आहे.

पेटीत दुसऱ्या दिवशीच्या नर्सिंग प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. पूर्वी त्या कापडी थैलीत लाखेचं सील मारून यायच्या. यंदा बोर्डानं नवं काढलं होतं: जाड प्लास्टिकचं पाकीट, चारी कडा यंत्रानं चिकटवलेलं, हवासुद्धा आत-बाहेर जाणार नाही असं. त्या पाकिटाची एक कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटली होती. कात्री नाही, ब्लेड नाही, नुसती सुटलेली. वरच्या काही प्रश्नपत्रिका घसरून पेटीच्या कोपऱ्यात पडल्या होत्या.

मुख्याध्यापकांनी आधी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे. मीही बघितलं. उजव्या हाताची तीन बोटं शाईनं निळीशार झाली होती.

"सर, तुम्ही काय लिहून घेत होतात?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय?"

२

आमचे हे चित्रकला शिकवतात. पेटी आणायला दरवर्षी असा शिक्षक पाठवतात ज्याचं मूल परीक्षेला बसलेलं नाही. आम्हाला मूल नाही, म्हणून यंदा ह्यांचा नंबर लागला. पण आम्हाला भाची आहे. ह्यांची बहीण गेली तेव्हा ठमी दुपट्यातून नुकती बाहेर आली होती. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. आणि ठमी उद्या परीक्षेला बसणार होती. हे लपवलेलं नव्हतं, पण नियमात मूल लिहिलंय, भाची लिहिलेली नाही, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. आता सगळ्यांना एकदम आठवलं.

पेपर फुटला असं ठरलं तर काय होणार हे सांगायला नको. परीक्षा रद्द, पुढची वर्षभरानं. ह्यांची नोकरी जाणार, वर पोलीस. आणि ठमीला कायमची बंदी. लहानपणापासून ती पोर भातुकलीतल्या बाहुल्यांचा ताप बघत आलीय. तिला दुसरं काही व्हायचंच नाहीये.

साहेबांना पाचच्या आत बोर्डाला फोन करायचा होता. परीक्षा घ्यायची की नाही, एवढंच सांगायचं.

साहेब म्हणजे बुटका, गोरटेला, खिशात कायम बिस्किटं ठेवणारा माणूस. बोर्डाच्या शहरातून ते दोन दिवस आधीच आले होते, तेही बसनं. रस्ता डोंगरातून वेटोळे घेत येतो, दिवस मोडतो, आणि माणूस पिवळा पडूनच उतरतो. तेच अंतर विमान तासाभरात कापतं. नऊ सीटचं का असेना, रोज येतं. पण साहेबांना विमानाची भीती. भरारी पथकातला माणूस आणि विमानात पाय ठेवत नाही, यावरून शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस खसखस पिकत होती.

वर्गांमध्ये परीक्षेची बाकं लावलेली, त्यामुळे चौकशी पेटीसकट बसली माझ्या वाचनालयात. मुख्याध्यापक म्हणाले, "बाईंना बाहेर पाठवू या. त्या ह्यांच्या मिसेस आहेत."

साहेबांनी माझ्याकडे बघून बिस्कीट मोडलं. "बाहेर पाठवलं तर दाराला कान लावतील. त्यापेक्षा इथेच बसू देत. बाई, मधे बोलायचं नाही."

मी मान हलवली आणि टेबल पुसायला घेतलं. माझ्या वाचनालयाची खिडकी पूर्वेला आहे आणि पूर्वेला वीटभट्टी. त्या दिवशी सकाळपासून धूळ नुसती आत येत होती. पुसून हात फिरवावा तर परत थर. कपाटात दुसरी कटकट: कोऱ्या उत्तरपत्रिकांचं असंच नवं पाकीट मागच्या आठवड्यात बसनं आलं होतं आणि उशीसारखं फुगलेलं असल्यानं त्यानं माझा अख्खा कप्पा खाल्ला होता. साहेबांनी कपाट बघून विचारलं, "हे असंच येतं?" मी म्हटलं, "छापखान्यातला मनुष्य म्हणाला, हवा भरून चिकटवलं की कागदाचे कोपरे दुमडत नाहीत." साहेबांनी ते बोटानं दाबून बघितलं आणि सोडून दिलं.

आधी मुख्याध्यापक बोलले. पेटीच्या दोनच किल्ल्या. एक बोर्डात, एक त्यांच्या खोलीत खुंटीला.

"त्या खुंटीपाशी कोण कोण जातं?"

"वाचनालयाची किल्लीही तिथेच असते," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "ती रोज कोण नेतं ते तुम्हाला कळेलच. पेटी आज आली, पण तिची किल्ली महिनाभर इथेच आहे. किल्लीचा ठसा घ्यायला कितीसा वेळ लागतो."

मला बोलायचं नव्हतं, म्हणून मी फडकं झटकलं. जरा त्यांच्या बाजूलाच झटकलं गेलं.

मग धावपट्टीवरचा बाबू आला. तिकिटं, सामान, झाडलोट सगळं तोच बघतो. म्हणाला, "आज विमान लवकर उतरलं, साहेब. चांगलं पाव तास आधी. मी चहाला गेलो होतो, शाळेची गाडीही यायची होती. परत आलो तर बाकीचे पॅसेंजर गेलेले आणि शेडमागच्या बाकावर सर एकटेच बसलेले. पेटी पायाशी, माझ्याकडे पाठ."

"काय करत होते?"

बाबूनं मुख्याध्यापकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला माझ्यासमोर बोलायची लाज वाटली असावी. "कागदावर काहीतरी उतरवत होते. मी हाक मारली तर दचकले, आणि कागद घडी करून कोटात टाकला."

३

ह्यांना बोलावलं. हे बसले, कोटाची सगळी बटणं लावलेली, मान एका बाजूला कललेली.

"विमान लवकर आलं हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत," साहेब म्हणाले.

"काय?"

साहेबांनी पुन्हा विचारलं.

"कुणी विचारलं नाही."

"त्या वेळात तुम्ही काय केलंत?"

"काय?"

मुख्याध्यापकांनी सुस्कारा सोडला. "बघा साहेब. दर प्रश्नाला काय, काय. उत्तर जुळवायला वेळ पाहिजे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना असं चाचरताना मी कधी बघितलं नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी माझंही फडकं हातातच थांबलं. ह्यांनी चोरी केली असं नाही वाटलं मला. ज्या माणसाला बाजारात घासाघीस करता येत नाही तो चोरी काय करणार. पण हे काहीतरी लपवतायत एवढं मला कळत होतं, आणि मला कळतंय म्हणजे साहेबांना कळणारच.

"कागद कसला होता?"

"तो... माझा खाजगी आहे."

"आणि बोटांना शाई?"

ह्यांनी खाली बघून हात मांडीखाली सरकवला, शाळेतली पोरं लपवतात तसा.

साहेबांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "विमान एवढं लवकर कसं काय येतं?"

"वारा पाठीमागून असेल. त्यात काय. वारा ह्यांच्या पथ्यावर पडला, एवढंच."

आता मात्र मला राहवेना. "वारा पाठीमागून? अहो, सकाळपासून पूर्वेची धूळ पुसतेय मी. विमान येतं पश्चिमेकडून. वारा त्याच्या तोंडावर होता."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं."

 साहेबांनी टेबलावर बोट फिरवलं, बोटावरची धूळ बघितली, खिडकीकडे बघितलं. हातातलं बिस्कीट तसंच राहिलं.

तेवढ्यात दारात ठमी उभी दिसली. परीक्षेचा नंबर कुठल्या वर्गात आलाय ते बघायला आली होती, आणि शाळेत बातमी काय लपून राहते. 

"मामी," ती हळूच म्हणाली, "मी उद्या बसलेच नाही तर मामाला सोडतील का गं?"

ह्यांना ते ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्यांना गेलं.

४

ठमीला मी बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि परत आले. साहेब ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले होते.

"सर, उकडतंय. कोट काढा."

"नको. बरा आहे."

"काढा म्हणतोय मी."

ह्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की जणू गुन्हा माझ्यासमोरच कबूल करायचा आहे. एकेक बटण काढलं. आतल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली बशीएवढा निळा डाग, आणि तो ओघळत पार पोटापर्यंत आलेला.

"विमानात पेन गळलं," हे म्हणाले. "शर्ट हिनं परवाच घेतलाय. म्हटलं घरी जाऊन सावकाश सांगावं."

कपाळाला हात लावायचा बाकी राहिला. नोकरी चाललीय, पोरीचं आयुष्य चाललंय, आणि ह्यांना भीती कशाची तर माझी. "अहो, शर्टाचं जळू दे," मी म्हटलं. "तो कागद दाखवा आधी." मी जरा मोठ्यानंच बोलले असेन, कारण या वेळी त्यांना एकदा सांगून ऐकू गेलं.

हे ओशाळले. "सक्त ताकीद होती की पेटीवरून नजर हलवायची नाही. आणि मी... म्हणून सांगवेना."

कोटातून निघाली ती विमानात उलटीसाठी देतात ती कागदी पिशवी. तिच्यावर शाईनं चित्र काढलेलं, काडी आणि बोट वापरून. डोंगराची शिखरं, एकामागून एक, वरून बघावीत तशी. आणि त्यांच्या मधोमध गोल तळं, आत एका ढगाची सावली.

"पेनातनं लिहिता येत नव्हतं, नुसती शाई येत होती," हे म्हणाले. "विसरायच्या आत काढून घेतलं."

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. "माझा जन्म गेला इथे. आपल्या डोंगरात असं तळं कुठंय? काहीतरी मनचं काढलंय. आणि चित्राच्या आडून प्रश्न लिहिले नसतील कशावरून?"

साहेबांनी पिशवी उजेडाकडे धरली. मग पुस्तकांतून आमच्या भागाचा मोठा नकाशा मागितला. मी पसरून दिला. त्यांनी बोर्डाच्या शहरावर एक बोट ठेवलं, आमच्या शहरावर दुसरं. नदीच्या कडेकडेनं बोट फिरवलं, डोंगराला मोठा वळसा पडला. मग दोन शहरांमध्ये सरळ फूटपट्टी ठेवली. फूटपट्टीच्या बरोबर खाली, शिखरांच्या मधे, निळा ठिपका होता.

"तळं आहे," साहेब म्हणाले. "खालून दिसत नाही एवढंच. वैमानिकाला बोलवा."

५

वैमानिक म्हणजे तिशीतली एक मुलगी, केस आखूड कापलेले. दुपारची झोप मोडल्यामुळे जरा घुश्शातच होती.

"रोज कुठून येता?"

"नदीच्या खोऱ्यातून, खालून खालून. लांब पडतं, पण बरं असतं."

"आणि आज?"

"आज खोऱ्यात धूर कोंडला होता. काठचं गवत पेटलंय. काही दिसेना, म्हणून परवानगी घेतली आणि डोंगरावरून सरळ आले."

"म्हणून लवकर पोचलात."

"अंतरच कमी ना. पण तो रस्ता मी टाळते. आमचं छोटं विमान, आत हवेचा दाब राखायची सोय नाही. एवढ्या वर गेलं की हवा विरळ, थंडी वाजते, उतरताना कान दुखतात. एक तान्हं बाळ होतं, उतरेपर्यंत रडत होतं बिचारं." तिनं ह्यांच्याकडे बोट केलं. "ह्यांचे तर दोन्ही कान बंद झाले होते. मी म्हटलं, जांभई द्या. ते 'काय' म्हणाले."

"हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

साहेब उठले. बिस्किटाचा चुरा झटकला, आणि पहिल्यांदाच मला ते उंच वाटले.

"वारा समोरून असताना विमान लवकर आलं, म्हणजे ते कमी अंतर आलं. कमी अंतर डोंगरावरूनच आहे, म्हणजे ते फार उंचावरून आलं. उंचावर बाहेरची हवा विरळ होते आणि कोंडलेली हवा फुगते. पेनातली हवा फुगली, तिनं शाई बाहेर ढकलली. कानातली हवा अडली, म्हणून सर प्रत्येक प्रश्नाला 'काय' म्हणतायत. त्यांना वेळ नको आहे, त्यांना ऐकू येत नाहीये. आणि पेटीत काय होतं? हवा भरून चिकटवलेलं पाकीट. बाकी केंद्रांची पाकिटं रस्त्यानं गेली आणि धड पोचली. विमानानं हे एकच आलं."

मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे ते आपोआप फुटलं? बरं, फुटलं. पण सरांनी नंतर वाचलं नसेल कशावरून?"

"आधी ती किल्ली तुम्ही सिद्ध करा. आणि दुसरं." साहेबांनी पेटीतून प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा उचलून टेबलावर पालथा पसरला. पुढच्या बाजू स्वतः तपासल्या, कोऱ्या पाठी आम्हाला दाखवल्या. "सरांची बोटं विमानातच निळी झाली होती. त्या बोटांचा माग कोटाच्या खिशावर आहे, पेटीच्या कडीवर आहे, उलटीच्या पिशवीवर तर आहेच. या कागदांवर दाखवा मला एक निळा ठिपका."

एकही नव्हता. कागद दुधासारखे पांढरे होते. मी फडकं टेबलावर ठेवून खुर्चीत बसले.

पण मुख्याध्यापक कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "मला पटलं समजा. बोर्डाला पटेल? फोनवर काय सांगणार, हवा फुगली म्हणून?"

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मग माझ्या कपाटातल्या त्या फुगलेल्या पाकिटाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडला. पुढे काय करावं लागणार ते त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

"विमान आत्ता मोकळं आहे का?" त्यांनी विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

६

भरारी पथकाला असा अधिकार असतो म्हणे. विमान निघालं. उत्तरपत्रिकांचं पाकीट मुख्याध्यापकांच्या मांडीवर, कारण ते म्हणाले माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. साहेब त्यांच्या शेजारी, पट्टा आवळून, डोळे गच्च मिटून. मागे मी. साक्षीदार म्हणून कुणीतरी लागतं ना.

वर चढताना थंडी वाजायला लागली. घर, वीटभट्टी, शाळा सगळं बारीक होत गेलं. माझा जीव त्या पाकिटात अडकला होता. फुगत का नाही मेलं, असं मनात म्हणत होते.

"काही होत नाहीये," मुख्याध्यापक म्हणाले.

"अजून वर," साहेब डोळे न उघडता म्हणाले.

शिखरं खिडकीच्या पातळीला आली आणि खाली गेली. पाकिटाच्या सुरकुत्या निघाल्या. मग ते टणक झालं. मग मुख्याध्यापकांची मांडी त्याला पुरेना.

"साहेब, हे फुगतंय," मुख्याध्यापक म्हणाले, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत फट् आवाज झाला. एक कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटली आणि वरच्या उत्तरपत्रिका घसरून त्यांच्या पायाशी पडल्या, अगदी पेटीत पडल्या होत्या तशा.

"फुटलं का?" साहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"फुटलं," मुख्याध्यापक म्हणाले. थोडा वेळ ते कागद गोळा करत राहिले. मग मागे वळून मला म्हणाले, "बाई, किल्लीचं मी बोललो ते मनावर घेऊ नका."

मी घेतलं होतं आणि अजूनही घेतलेलंच आहे, पण त्या वेळी मला रडू फुटलं होतं, त्यामुळे मान हलवली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला इतक्या उंचावर कळलं. खिडकीतून खाली तळं दिसत होतं, ह्यांनी काढलं होतं तस्संच गोल.

पाचच्या आधी साहेबांनी शाळेतून बोर्डाला फोन केला. बोलले ठणठणीत. तिकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं होतं. शेवटी साहेब म्हणाले, "मी स्वतः वर जाऊन आलोय, सर. हो, मी." पलीकडे बहुधा कुणाचा विश्वास बसत नव्हता, विमानावर नव्हे, साहेबांवर. मग फोन ठेवला आणि दाराशी उभ्या ठमीला म्हणाले, "झोप नीट काढ. उद्या पेपर आहे."

ठमीनं मामाला मिठी मारली. निळा डाग तिच्याही कपड्यांना लागला. मी काही बोलले नाही.

७

सकाळी आम्ही तिला शाळेच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला गेलो. रात्रभर ह्यांच्याशी ओरडून बोलून माझा घसा बसला होता. जांभया देऊन झाल्या, नाक धरून झालं, कान काही उघडेनात. शेजारच्यांना वाटलं असेल, शर्टावरून भांडतेय.

साहेब फाटकापाशी उभे होते. हातात बॅग. ह्यांच्या जवळ आले आणि खुणा करत म्हणाले, "ते चित्र द्याल का मला? एवढ्या वर जाऊन आलो, आणि सगळा वेळ डोळे मिटलेले. काहीच बघितलं नाही."

हे काही समजले नाहीत. मी कोटाच्या खिशातून पिशवी काढून साहेबांना दिली. त्यांनी ती जपून बॅगेत ठेवली. परत कसे जाणार विचारलं तर म्हणाले, "बसनंच." तेवढ्यात घंटा झाली.

ठमी पायऱ्या चढली. मुलांचा लोंढा आत चालला होता, गलका केवढा. दाराशी थांबून ती वळली. नेहमी घरातून निघताना म्हणते तसं, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मामा, येते हं." इतकं हळू की मलाच ते जेमतेम ऐकू आलं.

आणि माझ्या शेजारून हे म्हणाले, "ये बाळा. सावकाश लिही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी कानाला हात लावला आणि हसले.